एक अधिक, एक वजा

पत्त्यांच्या कॅटमध्ये पंजीला फारशी किंमत नाही. मेंढीकोटात सगळी धडपड दश्शांसाठी चालते, तीन पत्तीत एक्का-राजाचा रुबाब असतो. पंजी आली काय नि गेली काय, कुणाचं लक्ष नसतं. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणाऱ्या एडवर्ड थॉर्प नावाच्या तरुण गणितज्ञाने मात्र आयबीएमचा एक खोलीभर संगणक या प्रश्नावर बसवला, आणि उत्तर आलं ते असं: ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोचं सगळ्यात लाडकं पान पंजी आहे. चारही पंज्या कॅटमधून निघून गेल्या, तर खेळाडूचं पारडं तीन टक्क्यांहून जास्त जड होतं.

हे कसं, ते कळण्यापुरता खेळ समजून घेऊ. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीसचा डाव. चित्राच्या पानांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा, बाकीच्यांचे छापलेले आकडे. एकवीसच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. खेळाडूला कधीही थांबता येतं. डीलरला ती मुभा नाही, त्याची बेरीज सतरा होईपर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं. बारा ते सोळावर अडकलेल्या डीलरला दश्शी किंवा राजा आला की तो फुटतो. पंजी आली की वाचतो. शिवाय एक्का आणि दहाचं पान एकदम आलं की खेळाडूला पैजेच्या दीडपट पैसे मिळतात. थोडक्यात, उरलेल्या पत्त्यांत मोठी पानं जास्त असतील तर खेळाडूची चांदी, छोटी जास्त असतील तर कॅसिनोची.

मुख्य गोष्ट म्हणजे या खेळाला स्मरणशक्ती आहे. रूलेटच्या चाकाला मागचा आकडा आठवत नाही. ब्लॅकजॅकमध्ये मात्र एकदा वाटलेलं पान, पत्ते पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. ज्याला गेलेलं आठवतं, त्याला येणाऱ्याचा अंदाज येतो.

थॉर्पच्या आधी हे गणित कुणीच केलं नव्हतं असं नाही. बॉल्डविन, कॅन्टी, मायझल आणि मॅकडर्मॉट हे चौघे मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी तळावर नोकरीला होते. टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करत त्यांनी प्रत्येक हातासाठी सर्वात योग्य चाल काढली आणि १९५६मध्ये अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापली. तिलाच पुढे ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणू लागले. ती पाठ केली, तर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. तरी तो असतोच. तो उलटवायचा, तर पानं मोजणं भाग होतं.

थॉर्पने १९६१मध्ये आपलं संशोधन नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. ते अ‍ॅकॅडमीकडे पाठवणारा सदस्य होता क्लॉड शॅनन, माहितीशास्त्राचा जनक. त्याच वर्षी दोन श्रीमंत जुगाऱ्यांनी दिलेले १० हजार डॉलर घेऊन थॉर्प नेवाडात गेला आणि काही दिवसांत ते दुपटीहून जास्त झाले. १९६२मध्ये त्याचं ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आलं.

त्या पुस्तकातली सगळ्यात सोपी युक्ती होती फक्त पंज्या मोजण्याची. ती कुणालाही जमेल, पण चारही पंज्या लवकर निघून जाण्याची वाट किती पाहणार? म्हणून खरी भिस्त होती दहाच्या मोजणीवर. एका कॅटमध्ये दहाची १६ आणि बाकीची ३६ पानं. हे दोन्ही आकडे डोक्यात धरायचे, प्रत्येक पानागणिक त्यातला एक कमी करत जायचं आणि अधूनमधून एकाला दुसऱ्याने भागायचं. सुरुवातीला उत्तर २.२५ येतं. ते दोनच्या खाली गेलं की पैज वाढवायची. हे सगळं समोर डीलर, बाजूला सिगारेटचा धूर आणि पाठीमागे संशयी व्यवस्थापक असताना, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. म्हणजे जगाला कळलेली पहिली ताकदवान पद्धतच अवघड होती.

सोपी वाट नंतर सापडली. १९६३मध्ये लास वेगासला संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे हार्वी डबनर याने वेगळीच मोजणी मांडली. दुर्री ते छक्की यांपैकी काही गेलं की एक अधिक. दहाचं पान किंवा एक्का गेला की एक वजा. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांच्याकडे बघायचंच नाही. दोनऐवजी एकच आकडा. आयबीएममधल्या ज्युलियन ब्रॉनच्या आकडेमोडीची जोड मिळून ही पद्धत थॉर्पच्या पुस्तकाच्या १९६६च्या आवृत्तीत आली. हीच ‘हाय-लो’. कॅट अनेक असतील तर आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. बेरीज सहा आणि तीन कॅट उरलेले, तर खरा आकडा दोन. असा एकेक आकडा वाढला की खेळाडूचं पारडं साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारतं.

कॅसिनो घाबरले. १ एप्रिल १९६४ला लास वेगासच्या कॅसिनोंनी नियम आवळले. पैज दुप्पट करण्यावर बंधनं आली, एक्क्यांची जोडी फोडायला मनाई झाली. गंमत अशी की, पानं मोजणारे मूठभरच होते. टेबलं सोडून गेली ती साधी गिऱ्हाइकं. काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. कॅसिनोला उमगलं की पुस्तक विकत घेणारे हजारो जण आपल्याला हरवता येईल या समजुतीने येतात आणि हरून जातात. त्यांना हाकलायचं कशाला? त्याऐवजी एका कॅटच्या जागी चार, सहा, आठ कॅट एकत्र पिसून डब्यातून वाटायची पद्धत वाढत गेली.

इकडे खेळाडूंमध्ये वेगळीच चढाओढ लागली. प्रत्येक छोट्या पानाला सारखीच किंमत का? पंजी दुर्रीपेक्षा कितीतरी जड, मग तिला दोन गुण द्यावेत, तीन द्यावेत. ‘हाय-ऑप्ट टू’मध्ये चौकी-पंजीला दोन आणि दहाच्या पानाला वजा दोन. केन अस्टनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड पॉइंट काउंट’मध्ये गुण तीनपर्यंत. स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या ‘हाफ्स’मध्ये तर अर्धा आणि दीड. त्यात एक्का दुतोंडी: पैज लावताना तो मोठं पान म्हणून हवासा, पण हात खेळताना बऱ्याचदा छोट्या पानासारखा वागणारा. म्हणून कित्येक पद्धतींनी त्याला शून्य दिलं आणि त्याची मोजणी वेगळी ठेवायला सांगितली. सत्तरच्या दशकात अशा पद्धती विकणारा एक बाजारच उभा राहिला, आणि जितकी अवघड तितकी भारी असा तिथला भाव होता.

या बाजाराला माप लावलं ते पीटर ग्रिफिन या कॅलिफोर्नियातल्या गणिताच्या प्राध्यापकाने, १९७९च्या ‘द थिअरी ऑफ ब्लॅकजॅक’मध्ये. त्याने दोन प्रश्न वेगळे केले. पैज कधी वाढवायची, हे ही मोजणी किती अचूक सांगते? आणि हात कसा खेळायचा, हे किती? पहिल्या प्रश्नात साध्या हाय-लोला एकापैकी ०.९७ गुण मिळतात, तर एक्का वेगळा न मोजता वापरलेल्या हाय-ऑप्ट टूला ०.९१. दुसऱ्यात चित्र उलटं: हाय-लो ०.५१, हाय-ऑप्ट टू ०.६७. एकाच कॅटवर खेळताना हात खेळण्यातलं कौशल्य मोठं असतं, तिथे अवघड पद्धतीला खरंच अर्थ होता. सहा-आठ कॅटच्या डब्यात मात्र कमाई जवळपास सगळी पैजेच्या वेळेतून येते. म्हणजे कॅसिनोने खेळ अवघड करायला कॅट वाढवले आणि त्यामुळे सोपी मोजणीच जास्त उपयोगी ठरली!

मग उलटा प्रवास सुरू झाला. १९८६मध्ये डॉन श्लेसिंजरने दाखवून दिलं की शेकडो फेरफार पाठ करायची गरज नाही. त्यातले निवडक १८ शिकले तरी बहुतेक सगळा फायदा हाती येतो. नव्वदच्या दशकातल्या ‘नॉकआउट’ पद्धतीने भागाकारही काढून टाकला. सत्तीलाही एक अधिक दिला की एका कॅटमध्ये २४ अधिक आणि २० वजा होतात. हा तोल मुद्दाम बिघडवलेला असतो, त्यामुळे चालू बेरीज एका ठरावीक आकड्यावर पोचली की पैज वाढवायची, बस्स.

सोप्या पद्धतीचा आणखी एक गुण पुस्तकी तुलनेत दिसत नाही: ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात सहज जाते. सत्तरच्या दशकात अल फ्रान्सेस्कोने टोळीने खेळायची रीत काढली. काही जण छोट्या पैजा लावत मोजत बसायचे, आकडा चढला की खूण करायचे आणि ‘बडा खेळाडू’ येऊन मोठी पैज लावायचा. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या ज्या संघावर पुढे पुस्तक आणि २००८चा ‘ट्वेंटीवन’ सिनेमा आला, त्यांचीही हत्यारं हीच: साधी हाय-लो आणि कडक परीक्षा. गणितात मुरलेल्या या मुलांना तीन पातळ्यांची मोजणी जड गेली नसती. पण तासन्‌तास, रात्रभर, गोंगाटात, बोलता बोलता एकही चूक होऊ न देणं ही वेगळी गोष्ट. कागदावर मिळालेला पद्धतीचा थोडासा फायदा तासातल्या दोन-चार चुका सहज खाऊन टाकतात.

मेंदूची ही मर्यादा यंत्राने ओलांडायचा प्रयत्नही झाला. कीथ टॅफ्टने सत्तरच्या दशकात अंगावर लपवता येणारे, पायाच्या बोटांनी चालवायचे संगणक बनवले. नेवाडाने १९८५मध्ये अशा उपकरणांवर कायद्याने बंदी घातली. नुसत्या डोक्याचं मात्र प्रकरण वेगळं. कॅसिनोने बाहेर काढल्यावर केन अस्टन न्यायालयात गेला. १९८२मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ पानं मोजतो म्हणून खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार कॅसिनोला आपणहून घेता येणार नाही. नेवाडात मात्र आजही कॅसिनो तुम्हाला नम्रपणे दार दाखवू शकतो. विचार करणं गुन्हा नाही, पण विचार करणाऱ्याशी खेळायची सक्तीही नाही.

आता हे वाचून कुणाला पणजीला मांडवीवर तरंगणारे कॅसिनो आठवले असतील, किंवा हातातल्या फोनवरचा खेळ, तर दोन गोष्टी. फोनवरच्या खेळात बहुधा प्रत्येक हाताला पत्ते नव्याने पिसलेले असतात. जिथे खेळाला आठवणच नाही, तिथे मोजायचं काय? आणि खऱ्या टेबलावरही सगळं बिनचूक जमलं तरी हाती येतो साधारण एक टक्का. त्या एका टक्क्याच्या वाटेत सलग कित्येक रात्री हरण्याची तयारी आणि तेवढं भांडवल लागतं.

कॅसिनोनेही शेवटी धडा घेतला. मोजणाऱ्याला पकडत बसण्यापेक्षा ब्लॅकजॅकचे पैसे दीडपटीऐवजी पाचाला सहा केले, की कॅसिनोचा फायदा एका झटक्यात सव्वा टक्क्याहून जास्त वाढतो. सतत पत्ते पिसणारी यंत्रं बसवली, की सोपी आणि अवघड दोन्ही मोजण्या सारख्याच निकामी. साठ वर्षं खेळाडू कुठलं पान किती मोलाचं यावर वाद घालत राहिले. कॅसिनोने टेबलावरची पाटी बदलली. आजचा हुशार मोजणारा म्हणूनच पानं मोजायच्या आधी ती पाटी वाचतो, आणि बऱ्याचदा न बसताच पुढे जातो.