प्रयोगशाळेत वाढलेले आतडे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रयोगशाळेतील संशोधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने पेशीवंशांवर, म्हणजे रुग्णाच्या गाठीतून काढून काचपात्रात वर्षानुवर्षे वाढवत ठेवलेल्या पेशींवर, चालले. १९६४ सालचा एचटी-२९ हा त्यांपैकीच एक. परंतु सपाट तळावर तग धरणाऱ्या पेशीच तेवढ्या टिकत असल्यामुळे बहुतेक रुग्णांच्या गाठींचा तेथे मागमूसही नसे, आणि निरोगी आतड्याचे अस्तर तर दीर्घकाळ जगतच नसे.

ही कोंडी फुटली ती अस्तराच्या नित्य झीजभरतीच्या अभ्यासातून. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील ह्युब्रेख्त संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या गटातील निक बार्कर यांनी २००७ साली अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूळपेशी एलजीआर-५ या प्रथिनाच्या खुणेवरून ओळखल्या, आणि २००९ साली तोशिरो सातो यांनी उंदराच्या अशा एकेका पेशीपासून खळग्यांसह अस्तराची लघुरचना, म्हणजेच ऑर्गनॉइड, घडवून दाखवली. त्यासाठी पेशींना आधार देणारा मॅट्रिजेल हा पदार्थ उंदराच्या एका कर्कगाठीतूनच काढलेला असतो, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे.

२०११ साली हे तंत्र मानवी आतड्यापर्यंत पोहोचले, तेव्हा निरोगी पेशींना ‘डब्ल्यूएनटी’ हा वाढीचा संकेत बाहेरून पुरवावा लागला. कर्कपेशींना मात्र बहुधा त्याची गरज भासेना, कारण त्यांतील एपीसी या लगाम घालणाऱ्या जनुकाचा बिघाड तो संकेत कायम चालू ठेवतो, हे १९९७ मध्येच उलगडले होते. एरवी केवळ पोषणद्रवाचा तपशील ठरली असती अशी ही बाब निरोगी आणि रोगट पेशी वेगळ्या करणारी चाळणी बनली. २०१५ साली तर निरोगी ऑर्गनॉइडमधील एपीसीसह काही जनुके क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने बदलून कर्करोगाच्या पायऱ्या क्रमाने घडवण्यात आल्या, आणि त्याच वर्षी २० रुग्णांच्या गाठींची जिवंत पेढी उभी राहिली.

उपचारांतील वाटचाल मात्र अडखळतच झाली. २०१९ च्या डच अभ्यासात इरिनोटेकॅन या कर्करोगाच्या औषधाचा गुण येणार नाही असे बहुतेक रुग्ण ऑर्गनॉइडवरून आधीच ओळखता आले, पण ५-एफयू व ऑक्झॅलिप्लॅटिन यांच्या जोडीबाबत तसे अनुमान जमले नाही. रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी नसलेल्या रचनेकडून संपूर्ण देहाची साक्ष मागण्यातील मर्यादा येथे ध्यानात घ्यावी लागते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेन्सर’ चाचणीत ऑर्गनॉइडच्या कौलानुसार ६ रुग्णांना प्रत्यक्ष औषध मिळाले, परंतु त्यांपैकी एकाचीही गाठ अपेक्षेप्रमाणे आकसली नाही.