जड टेनिस रॅकेट क्लबच्या खेळाडूला मानवते का? वजन, बॅलन्स आणि हाताचा हिशेब

आठवड्यातून दोन-तीनदा, ऑफिस नाहीतर शाळा सुटल्यावर क्लबमध्ये टेनिस खेळणाऱ्यांचा एक नेहमीचा सवाल असतो. रॅकेट हलकी घ्यावी की जड? दुकानदार म्हणतो, हलकी घ्या, हाताला त्रास नाही. कोर्टवरचे जुने सीनियर म्हणतात, जड घे, बॉल आपोआप जाईल. दोघेही अर्धे बरोबर आहेत. रॅकेट ही काही स्वस्त वस्तू नाही. शिवाय निवड चुकली तर पैशांपेक्षा मोठी किंमत कोपर आणि खांदा मोजतात. म्हणून हा विषय ऐकीव गोष्टींवर न सोडता आकड्यांनी समजून घेतलेला बरा.

फ्रेमवर छापलेले वजन पूर्ण नसते

फ्रेमवर ३०० ग्रॅम छापलेले असते ते बहुतेक वेळा गटिंगशिवायचे वजन असते. तारा बसवल्या की साधारण १५ ते १८ ग्रॅम वाढतात. वरून ओव्हरग्रिप गुंडाळली की आणखी ५ ग्रॅम, आणि तारांत रबराचा डॅम्पनर लावला तर एक-दोन ग्रॅम. म्हणजे ३०० ग्रॅमची म्हणून घेतलेली रॅकेट हातात येते तेव्हा ३२० च्या पुढे गेलेली असते. दुसरी गोष्ट, एकाच मॉडेलच्या दोन नगांतही काही ग्रॅमचा फरक निघतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून बघा, लगेच कळेल.

गटिंगशिवायचे वजन धरले तर ढोबळ वर्गवारी अशी: २८० ग्रॅमपर्यंत हलकी, २८५ ते ३०० मधली, ३०५ च्या वर जड. प्रौढांच्या रॅकेटची नेहमीची लांबी २७ इंच असते. आंतरराष्ट्रीय नियमांत लांबीला २९ इंचांची मर्यादा आहे, डोक्याच्या मापालाही मर्यादा आहे, पण वजनाला कुठलीच नाही. त्यामुळे वजनाचा निर्णय सर्वस्वी खेळणाऱ्यावर आहे.

लाकडापासून ग्रॅफाइटपर्यंत

आपले गौस मोहम्मद १९३९ साली विम्बल्डनच्या एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. तिथे जाणारे ते पहिले भारतीय. त्या फेरीत ते ज्या बॉबी रिग्सकडून हरले, त्यानेच त्या वर्षीचे विजेतेपद घेतले. त्या काळी सगळे लाकडी रॅकेटने खेळत. लाकडी रॅकेट ३७० ते ४०० ग्रॅमच्या घरात असे आणि डोके आजच्या मानाने फारच लहान. लाकूड हलके ठेवले तर टिकत नसे, म्हणून जडपणा ही निवड नव्हती, मजबुरी होती.

१९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांनी प्रिन्स कंपनीसाठी मोठ्या डोक्याची रॅकेट आणली. पुढे ग्रॅफाइट आले आणि वजन झपाट्याने उतरले. १९९० च्या दशकाच्या शेवटी तर हेड कंपनीची टीआय एस-सिक्स ही सुमारे २२५ ग्रॅमची रॅकेट बाजारात आली. त्याच दशकात पीट सॅम्प्रस मात्र ८५ चौरस इंचांच्या विल्सन प्रो स्टाफवर शिसाच्या पट्ट्या चिकटवून, तारांसह ४०० ग्रॅमच्या आसपास वजन घेऊन खेळत होता. रॉजर फेडररच्या सहीने २०१४ मध्ये निघालेली ९७ चौरस इंचांची रॅकेट गटिंगशिवाय ३४० ग्रॅमची होती. दुसरीकडे क्लबांमध्ये सर्रास दिसणारी बाबोलाची प्युअर ड्राइव्ह ३०० ग्रॅमची आहे. याचा अर्थ एकच बरोबर वजन असे काही नसते.

वजन, बॅलन्स आणि स्विंगवेट

खरी गोम इथे आहे. काट्यावरचे वजन आणि फिरवताना जाणवणारे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातोडा एकदा दांड्याकडून धरून फिरवा आणि एकदा लोखंडाकडून धरून. वजन तेच, पण मनगटाला फरक लगेच कळतो. रॅकेटचेही तसेच आहे.

बॅलन्स म्हणजे रॅकेट कुठल्या बिंदूवर समतोल राहते ते. २७ इंची रॅकेटचा मध्य मुठीच्या टोकापासून ३४.३ सेंटिमीटरवर येतो. तोल त्याच्या अलीकडे, मुठीच्या बाजूला असेल तर रॅकेट हेड-लाइट, पलीकडे असेल तर हेड-हेवी.

स्विंगवेट म्हणजे फिरवताना होणारा विरोध. तो मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर आस धरून मोजतात. त्याचे गणित सोपे आहे. कुठल्याही ठिकाणचे वजन गुणिले आसापासूनच्या अंतराचा वर्ग. अंतराचा वर्ग होतो, म्हणून टोकावरचा एक ग्रॅम फार भारी पडतो. टोकावर एक ग्रॅम लावला तर स्विंगवेट जवळपास ३.४ ने वाढते. डोक्याला घड्याळ समजून ३ आणि ९ च्या जागी लावला तर सुमारे १.८ ने. मुठीच्या तळाशी लावला तर फक्त ०.१ ने.

आता बघा, ती २२५ ग्रॅमची टीआय एस-सिक्स हेड-हेवी होती. तिचे स्विंगवेट ३०० ग्रॅमच्या साध्या रॅकेटच्या जवळपास जाते. म्हणजे उचलायला हलकी, फिरवायला तेवढीच जड. दुकानात हातात तोलून घेतलेली रॅकेट कोर्टवर वेगळी का वाटते, त्याचे कारण हेच.

बॉलवर नेमका काय परिणाम होतो?

बॉल तारांवर फक्त ४ ते ५ मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात बॉलला संपूर्ण रॅकेट भेटत नाही, आघाताच्या जागी जाणवणारे वजनच भेटते. डोक्याच्या मध्यावर ते एकूण वजनाच्या साधारण निम्मे असते.

एक ढोबळ हिशेब करू. समजा एका रॅकेटचे हे परिणामी वजन १६० ग्रॅम आहे, दुसरीचे १८०, आणि बॉल ५७ ग्रॅमचा. नेटजवळ व्हॉलीसाठी रॅकेट नुसती स्थिर धरली आणि बॉल ताशी १०० किलोमीटरने आला, तर पहिलीवरून तो सुमारे ३६ च्या वेगाने परततो, दुसरीवरून सुमारे ४० च्या. हाताने काही जास्त न करता हा फायदा मिळतो. म्हणून व्हॉली, ब्लॉक करून दिलेला सर्व्हिस रिटर्न आणि स्लाइस, या फटक्यांत जड रॅकेट खरोखर कामाची आहे. क्लबमध्ये डबल्स जास्त खेळले जाते आणि डबल्समध्ये हेच फटके जास्त लागतात.

सर्व्हिसचा हिशेब वेगळा. तिथे वेग हाताने आणायचा असतो. वरच्याच आकड्यांनी, पहिली रॅकेट आघाताच्या जागी ताशी १२० ने फिरवली तर बॉल १६४ च्या आसपास जातो. दुसऱ्या रॅकेटने तोच वेग ११६ ते ११७ ने फिरवूनही मिळतो. म्हणजे जड रॅकेटमुळे तुमचा स्विंग तीन टक्क्यांनी मंदावला तर नफा-तोटा बरोबरीत सुटला. त्याहून जास्त मंदावला तर तोटा. फ्रेम जड घेतली की सर्व्हिस आपोआप जोरदार होते, हा समज म्हणूनच फारसा खरा नाही.

तिसरा परिणाम स्थिरतेचा. बॉल मध्याऐवजी कडेला लागला की रॅकेट हातात वळते. कडांवर वजन जास्त असेल तर हे वळणे कमी होते. दर दुसरा-तिसरा बॉल मध्य सोडून लागतो अशा खेळाडूला, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, जास्तीच्या ताकदीपेक्षा हा फायदा मोठा आहे.

तोटा कुठे?

पहिला तोटा उशिराचा. जोरात आलेल्या बॉलवर तयारीला वेळ कमी मिळतो आणि जड रॅकेट वेळेत पुढे येत नाही. उजव्या हाताच्या खेळाडूचे फोरहँड सारखे उजवीकडे बाहेर जाऊ लागले तर समजावे, रॅकेट मागे राहतेय.

दुसरा तोटा थकव्याचा. पहिल्या सेटमध्ये मजा येते, तिसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस नेटमध्ये जाऊ लागते. नवीन रॅकेटचा अंदाज म्हणूनच दहा मिनिटांच्या वॉर्म-अपवर कधी घेऊ नये. दीड तास खेळल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत काय झाले, ते बघावे.

तिसरा तोटा टॉपस्पिनचा. बॉलला वरून फिरकी द्यायला डोके झटकन खालून वर यावे लागते. तिथे स्विंगवेट जास्त असेल तर मनगटाची कसरत होते.

कोपर आणि खांदा

टेनिस एल्बो म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूला, मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंचा कंडरा जिथे हाडाला जोडलेला असतो, तिथली दुखापत. हलकी, कडक आणि हेड-हेवी रॅकेट बॉलचा धक्का कमी झेलते आणि तो हातापर्यंत जास्त पोहोचतो. त्यामुळे हलकी म्हणजे हाताला सोपी, हे समीकरण नेहमी बसत नाही. थोडी जड, लवचीक आणि हेड-लाइट रॅकेट अनेकांना जास्त मानवते.

पण रॅकेट हा इलाज नाही. पॉलिएस्टरच्या कडक तारा, जास्त ताणाची गटिंग, फार बारीक किंवा फार जाड ग्रिप, आणि उशिरा मारलेला एकहाती बॅकहँड, ही कारणे तेवढीच महत्त्वाची आहेत. मऊ मल्टिफिलामेंट तारा आणि कमी ताण हा सगळ्यात स्वस्त बदल आहे, तो आधी करून पाहावा. खांद्याचे दुखणे असेल तर जड रॅकेटच्या वाटेला न गेलेलेच बरे, कारण सर्व्हिसच्या शेवटी हात थांबवण्याचा सगळा भार खांद्यावर येतो. दुखणे आधीपासून असेल तर दुकानाच्या आधी डॉक्टरकडे जावे.

कोणी काय घ्यावे?

- नुकतेच शिकायला लागलेले, आठवड्यातून एकदाच खेळणारे: २७० ते २८५ ग्रॅम.
- नियमित खेळणारे, फटका पूर्ण फिरवणारे: २९० ते ३०५ ग्रॅम, हेड-लाइट.
- अनेक वर्षे खेळलेले, डबल्स आणि व्हॉलीवर भर असलेले, शरीराने तंदुरुस्त: ३०५ ते ३१५ ग्रॅम.
- ३२० च्या पुढे: रोजचा सराव आणि पक्के तंत्र असेल तरच.

बहिणी आणि लेकींना दुकानात न विचारता सगळ्यात हलकी रॅकेट दिली जाते. हे दुरुस्त नाही. निवड ताकद, सराव आणि फटक्याच्या लांबीवर व्हावी.

लहान मुलांचा मामला मात्र पूर्ण वेगळा आहे. त्यांच्यासाठी १९ ते २६ इंचांच्या रॅकेट असतात. पुढे कामाला येईल म्हणून मोठ्या माणसाची रॅकेट मुलाच्या हातात दिली तर तो दोन्ही हातांनी ढकलायला शिकतो आणि ती सवय मोडायला वर्षे जातात.

विकत घेण्याआधी एक छोटा प्रयोग

नवी जड रॅकेट घेण्याआधी आहे तीच थोडी जड करून बघा. खेळाच्या दुकानात शिसाची किंवा टंगस्टनची चिकटपट्टी मिळते. शिसे लावले तर हात साबणाने धुवा, वरून टेप चिकटवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

सुरुवात ३ आणि ९ च्या जागी दोन-दोन ग्रॅमने करा. स्विंगवेट सुमारे ७ ने वाढेल आणि बॅलन्स डोक्याकडे अडीच मिलिमीटर सरकेल. बॅलन्स पूर्वीसारखा हवा असेल तर मुठीच्या तळाशी ग्रिपखाली अडीच-तीन ग्रॅम लावा. तारा आणि ताण तेच ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. असे तीन दिवस खेळा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: रिटर्न किती आत पडले, शेवटच्या गेममध्ये पहिल्या सर्व्हिस किती आत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे. मग पट्टी काढून पुन्हा तीन दिवस खेळा. ज्यांना पट्टी काढल्यावर रॅकेट पोकळ वाटते, त्यांनी पुढचे वजन घ्यायला हरकत नाही. ज्यांना सुटल्यासारखे वाटते, त्यांनी आपले पैसे वाचले असे समजावे.

थोडक्यात नियम असा: न थकता, वेळेत, शेवटच्या गेमपर्यंत फिरवता येईल तेवढी जड रॅकेट आपली. सकाळी उठल्यावर हात दुखत असेल, तर ती कितीही नावाजलेली असली तरी आपली नाही.