मांडवी बंदर: शीड, कोळसा आणि डिझेल

मांडवी हे रत्नागिरी शहराचे जुने बंदर. एका अंगाला रत्नदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भाट्याच्या खाडीचे मुख आणि मध्ये काळसर वाळूचा किनारा. आज तिथे लोक संध्याकाळी जेटीवर फिरायला येतात. जिल्ह्याचा मुंबईशी संबंध मात्र अनेक पिढ्या मुख्यतः समुद्रानेच होता आणि या वाहतुकीला लागणारी ऊर्जा वेळोवेळी बदलत गेली. नवी ऊर्जा आली म्हणून जुनी लगेच हटली, असे इथे क्वचितच घडले.

पहिली ऊर्जा वाऱ्याची. पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. मोठी गलबते आणि फत्तेमाऱ्या नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरत; पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात. वारा फुकट होता, पण भरवशाचा नव्हता. तो पडला की तांडेलाला दिवसचे दिवस खोळंबून राहावे लागे. धान्य, मीठ, कौले, लाकूडफाटा अशा मालाला हा उशीर परवडे. माणसांना परवडत नसे, आणि आगबोटीला जागा झाली ती इथेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण किनाऱ्यावर आगबोटी नियमित फिरू लागल्या. मांडवीला मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी. भोंगा झाला की ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या आणि पोरेबाळे यांनी भरलेले पडाव किनाऱ्यावरून निघत. लाटेवर पडाव वर आला की नेमका तो क्षण साधून उतारूने बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा आणि खालून खलाशाने हात द्यायचा, अशी रीत होती. म्हाताऱ्यांना उचलूनच चढवावे लागे. एवढे करून मुंबई गाठता येई, तीही ठरलेल्या दिवशी. शिडाच्या गलबताने हे वचन कधी दिले नव्हते.

मुंबईच्या गिरण्यांना रत्नागिरी जिल्ह्याने फार मोठ्या संख्येने कामगार पुरवले. त्या गिरण्याही सुरुवातीला कोळशावर चालत. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज आल्यावर चित्र बदलू लागले. म्हणजे तोवर चाकरमान्याला नेणारी बोट आणि त्याला पगार देणारी गिरणी, दोन्ही कोळशाच्या. गावाकडे पोहोचणारी मनीऑर्डर याच व्यवहारातून येई. कोळशाने कोकणाचे कल्याण केले की माणसे पळवली, याचे एकच उत्तर देता येत नाही, दोन्ही झाले. स्वदेशीच्या काळात, १९०६ मध्ये, भारतीय भांडवलाची आगबोट कंपनी निघाली आणि लोकांनी तिला ‘माझी आगबोट’ म्हटले. इंजिन कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. पावसाळ्यातल्या समुद्रापुढे मात्र वाफेचेही फारसे चालत नसे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली.

दिव्याचा इतिहास याहून चमत्कारिक आहे. कोकणात उंडीच्या आणि करंजाच्या कडू तेलावर दिवे जळत. त्यांची जागा हळूहळू घासलेटाच्या चिमणीने आणि कंदिलाने घेतली. हिंदुस्थानात येणाऱ्या घासलेटाचा एक मोठा झरा ब्रह्मदेशात, येनानजाँगच्या विहिरींत होता. त्या तेलाच्या व्यापाराची मक्तेदारी ब्रह्मी राजाकडे असे. इंग्रजांनी १८८५ मध्ये थिबा राजाला पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली. राजा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. कंपनी वाढत गेली आणि १९२८ मध्ये भारतातील विक्रीसाठी शेलबरोबर तिची बर्मा-शेल निघाली. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतल्यावर तिची भारत पेट्रोलियम झाली.

स्वातंत्र्यानंतर मासेमारी होड्यांना डिझेल इंजिने बसू लागली. शेजारच्या मिरकरवाड्याचे मोठे मासेमारी बंदर याच इंजिनांवर उभे राहिले. होड्या लांब जाऊ लागल्या, मासळी वाढली आणि इंधनाचा खर्चही वाढला. म्हणूनच मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळणारा डिझेलवरील कराचा परतावा हा आज राजकारणाचा विषय असतो. प्रवासी आगबोटी मात्र रस्ते आणि एस. टी. यांच्यापुढे टिकल्या नाहीत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्यापूर्वीच त्या बंद पडल्या होत्या. २०२२ मध्ये ही रेल्वे संपूर्णपणे विजेवर आली.

वीज जिल्ह्यात भरपूर तयार होते. कोयनेचे पाणी सह्याद्री भेदून चिपळूण तालुक्यातील पोफळीला उतरते आणि तिथे १९६२ पासून जलविद्युत निर्मिती सुरू आहे. ही ‘स्वच्छ’ वीजही फुकट नव्हती. कोयना खोऱ्यातील गावे त्यासाठी उठली. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला, कारण ती वीज राज्य वीज मंडळाला परवडेना. तो पुढे सरकारी कंपनीकडे गेला. मांडवीच्या उत्तरेला जयगड येथे आयात कोळशावरचे १,२०० मेगावॉटचे केंद्र आहे. एकेकाळी बोटीच्या पोटात जळणारा कोळसा आता बोटीतून माल म्हणून येतो. दक्षिणेला जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प कागदावर आहे. एप्रिल २०११ मध्ये त्याच्या विरोधातील आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन एकाचा जीव गेला.

वाऱ्याची वीज आपल्या देशात प्रथम जिथे करून पाहिली, त्या मोजक्या ठिकाणांत १९८६ मध्ये रत्नागिरीही होती. यंत्रे ५५ किलोवॉटची होती. पुढे पवनचक्क्या फोफावल्या त्या साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर. शिडांच्या किनाऱ्याला नव्या वाऱ्याचा लाभ फारसा झाला नाही.

राजापूर तालुक्यातील नाणारला वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा घाट तीन सरकारी कंपन्यांनी घातला. थिबाच्या तेलाचा वारसा चालवणारी भारत पेट्रोलियम त्यांपैकी एक. आंबा बागायतदार आणि मच्छीमार यांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये तो रद्द झाला. पुढे बारसूची जागा सुचवली गेली आणि २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणावरून पुन्हा संघर्ष पेटला. समर्थक रोजगाराकडे बोट दाखवतात, विरोधक बागा आणि समुद्राकडे. इंधन कोणते, यापेक्षा लाभ कोणाच्या घरी जाणार, हाच या वादाचा खरा गाभा आहे. कोयनेपासून जयगडपर्यंतच्या विजेने या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दिलेले नाही. माणसे जिल्ह्यात टिकली का, ते आकड्यांत दिसते: २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ पर्यंत घटली.