संगीत नाटकांची चित्रमुद्रणे : घरी पाहताना आणि जपताना

पेडणे तालुक्यातील तुये आणि आसपासच्या गावांत संगीत नाटक ही मुळात जत्रोत्सवाच्या रात्री, देवळासमोरच्या रंगमंचावर पाहायची गोष्ट. कार्तिकात सुरू होणारा हा हंगाम पावसाच्या तोंडावर संपतो आणि नंतरचे चार-पाच महिने रंगमंच रिकामा राहतो. या काळात, आणि वयोमानामुळे ज्यांना उघड्यावर जागरण सोसत नाही त्यांना बाराही महिने, घरच्या टीव्हीवर वा मोबाइलवर पाहायला मिळणारा चित्रमुद्रित प्रयोग हाच आधार असतो. पणजीला जाऊन रात्री उशिरा घरी परतणे सर्वांना जमण्यासारखे नाही. त्यामुळे अशी मुद्रणे कोठून आली, त्यांत काय असते, काय नसते आणि ती कशी पाहावीत, याची माहिती असणे उपयोगाचे आहे.

प्रथम एक फरक स्पष्ट व्हायला हवा. नाटकाचे चित्रमुद्रण आणि नाटकावरून केलेला चित्रपट या दोन भिन्न वस्तू आहेत. ‘कट्यार काळजात घुसली’ हा 2015 चा चित्रपट किंवा ‘संगीत मानापमान’ हा 2025 चा चित्रपट पाहिला म्हणजे ते नाटक पाहिले, असा समज आता सर्रास आढळतो. चित्रपटात कथानकाची मांडणी बदलते, नव्या चाली येतात, गाणी ध्वनिमुद्रणगृहात आधी गायिली जातात. चित्रमुद्रणात मात्र नट रंगमंचावर उभा राहून, श्वास सांभाळत, ऑर्गन-तबल्याच्या साथीने त्याच क्षणी गात असतो. संगीत नाटकाचा सारा कस त्या क्षणात आहे. गाता गाता भूमिका सुटते की टिकते, हे चित्रपटातून कळणे शक्य नाही.

मराठी संगीत रंगभूमीचे वय पाहता तिचे दृश्य मुद्रण फार उशिरा सुरू झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला, ‘सौभद्र’ 1882 मध्ये आले. देवलांचे ‘शारदा’, खाडिलकरांची ‘मानापमान’ (1911) व ‘स्वयंवर’ (1916) आणि गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ (1919) हा वैभवाचा काळ. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा 1921 मधील ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग अजूनही आख्यायिकेसारखा सांगितला जातो, पण भारतीय बोलपटाला तेव्हा अजून दहा वर्षे अवकाश होता. त्या रात्रीचे आज जे काही हाती आहे ते आठवणींच्या रूपानेच. या नटांचे गाणे उरले ते 78 फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांत, आणि तिच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत रंगणारे पद तिथे आटोपशीर करावे लागे. ध्वनिमुद्रिका ऐकून ‘बालगंधर्व असेच गात’ असे म्हणणारा रसिक म्हणूनच अर्धेच सत्य सांगत असतो.

रंगमंचावरील नाटक पडद्यावर आणण्याचा एक लक्षणीय प्रयत्न स्वतः बालगंधर्वांनीच केला. ‘अमृतसिद्धी’ या आपल्या नाटकावरून त्यांनी बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट 1937 मध्ये काढला. तो चालला नाही. पन्नाशीला टेकलेल्या पुरुष नटाने साकारलेली नायिका प्रेक्षागृहात मागच्या रांगेतूनही मोहक वाटे; कॅमेऱ्याने ती जवळून दाखवताच भ्रम टिकेना. कोणतेही चित्रमुद्रण पाहताना हा धडा आठवावा. रंगमंचावरील रंगभूषा, हातवारे आणि आवाजाची फेक दूर बसलेल्या प्रेक्षकासाठी असते. जवळून ती भडक दिसली तर दोष नटाचा नसतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि घरात बसून नाटक पाहण्याची सवय मराठी माणसाला तेथून लागली. पुढे व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी आणि आता इंटरनेट असा प्रवास झाला. परदेशांत याच काळात मुद्रणाची वेगळी कला घडली. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2009 पासून आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवायला घेतले. ‘हॅमिल्टन’ या अमेरिकन संगीतिकेचे जून 2016 मध्ये अनेक कॅमेऱ्यांनी मुद्रण झाले आणि ते 2020 मध्ये घरोघरी पोहोचले. मराठीत एवढा खर्च झेपणारे निर्माते थोडे. मागच्या रांगेत तिकाटण्यावर ठेवलेला एकच कॅमेरा आणि सभागृहातल्या कर्ण्यांतून आलेला आवाज, असेच बरेचसे मुद्रण असते. त्याला नाके मुरडू नयेत. संपूर्ण रंगमंच सतत दिसत राहतो, कोण कोठे उभे आहे हे कळते. उठसूट चेहऱ्यावर जाणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा नाटकाच्या अभ्यासकाला हे पुष्कळदा अधिक सोयीचे पडते.

गोमंतकीय प्रेक्षकाने निवड करताना आपल्या माणसांपासून आरंभ केला तर ते स्वाभाविकच ठरेल. मास्टर दीनानाथ मंगेशीचे. ‘कुलवधू’ (1942) गाजवणाऱ्या ज्योत्स्ना भोळे गोव्याच्याच. मुंबईतील गोवा हिंदू असोसिएशनने 1964 मध्ये रंगमंचावर आणलेल्या वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ला संगीत होते मंगेशीच्याच पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. पराशराच्या भूमिकेत डिचोली तालुक्यातील साखळीचे रामदास कामत आणि सत्यवतीच्या भूमिकेत आशालता वाबगावकर होत्या. शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ (1966) हेही असोसिएशन, अभिषेकी आणि कामत यांचेच. ‘कट्यार काळजात घुसली’ डिसेंबर 1967 मध्ये आले. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब सर्वांना ठाऊक आहेत, पण सदाशिवाची भूमिका गोव्याच्या प्रसाद सावकारांनी केली होती, हे नव्या पिढीच्या कानी क्वचितच पडते.

पूर्वी संगीत नाटक न पाहिलेल्या मुलांना सोबत घेऊन बसायचे असेल तर ‘सौभद्र’सारखे दुसरे नाटक नाही. संन्याशाच्या वेशातला अर्जुन, सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी लावू पाहणारा बलराम आणि सारी सूत्रे हलवणारा कृष्ण. गाण्याची गोडी नसलेलाही या कथेत रमतो. ‘एकच प्याला’ मात्र पहिल्याच बैठकीला लावू नये. ते जड आहे, आणि सिंधूचे दुःख समजायला थोडे आयुष्य पाहिलेले असावे लागते.

मुद्रण सुरू करण्यापूर्वी तो प्रयोग कोणत्या संस्थेचा, कोणत्या वर्षीचा आणि किती लांबीचा, हे पाहावे. जुनी नाटके रात्र रात्र चालत. आजचे प्रयोग अडीच-तीन तासांत बसवलेले असतात. पहिली कात्री लागते ती सूत्रधार-नटीच्या प्रवेशाला आणि दुय्यम पात्रांच्या पदांना. संहितेचे पुस्तक शेजारी ठेवून पाहिले तर काय गाळले ते लगेच कळते. इंटरनेटवर एकेक पद तोडून ठेवलेले तुकडे विपुल आहेत. त्यांवरून गायकाची तयारी समजते, नाटक समजत नाही. पदापूर्वीचा संवाद ऐकल्याशिवाय ते पद त्या पात्राच्या तोंडी का आले, हे कळायचे कसे?

आवाजाकडे चित्रापेक्षा अधिक लक्ष द्यावे. टीव्हीच्या मागच्या बाजूचे लहान कर्णे तबल्याचा डग्गा आणि ऑर्गनचे खालचे सूर गिळून टाकतात. साधा बाहेरचा स्पीकर जोडला तरी पुष्कळ फरक पडतो. ‘सराउंड’ वगैरे सुविधा बंद ठेवाव्यात. एका मायक्रोफोनवर मुद्रित झालेल्या जुन्या प्रयोगांत त्या केवळ घुमारा वाढवतात. आवाज आपोआप समान पातळीवर आणणारी सोयही बंद करावी, नाहीतर तान आणि कुजबुज एकाच पट्टीत ऐकू येतात. पदाच्या मधोमध पुढे ढकलण्याचा मोह आवरावा. दोन अंकांमध्ये प्रेक्षागृहात मध्यंतर होते, तसे ते घरीही घ्यावे.

मुद्रणांचा एक परिणाम मात्र काळजी करण्याजोगा आहे. गावोगावच्या हौशी मंडळांत पूर्वी पद शिकवणारा जाणता माणूस असे. आता तालमीत मोबाइलवरचे मुद्रण लावून त्याबरहुकूम पद बसवणे सोपे झाले आहे. त्यामुळे कोणा एका गायकाने एका रात्री घेतलेली हरकत जणू संहितेचाच भाग होऊन बसते. ती न घेणारा चुकला असे प्रेक्षकही म्हणू लागतात. दीनानाथांची गायकी बालगंधर्वांपेक्षा इतकी निराळी होती, ती त्यांनी नक्कल नाकारली म्हणूनच. शिकण्यासाठी एकाच पदाची निदान तीन वेगवेगळ्या गायकांची मुद्रणे ऐकावीत, म्हणजे चालीचा सांगाडा कोणता आणि गायकाची भर कोणती, हे वेगळे काढता येते.

आता घरातल्या कपाटाकडे. गावातल्या मंडळांच्या 1980-90 च्या दशकांतील प्रयोगांचे मुद्रण असलेच तर ते व्हीएचएस कॅसेटवर आहे, आणि ती कॅसेट बहुधा एखाद्या लग्नाच्या कॅसेटशेजारी पडून आहे. व्यावसायिक संस्थांचे प्रयोग कोठे ना कोठे मिळतील; गावच्या प्रयोगाची मात्र अनेकदा तेवढी एकच प्रत असते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू स्थितीतील यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. त्यात गोव्याची दमट हवा. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट यंत्रात घालून पाहू नये, गुंडाळूनही पाहू नये. बुरशी यंत्राच्या मुद्रणशीर्षाला लागते आणि नंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटही बिघडवते. ती वेगळी, कोरड्या जागी उभी ठेवावी आणि जाणकाराकडून साफ करून घ्यावी. संगणकावर प्रत काढताना कापाकापी करू नये. नांदीपूर्वीची घोषणा, प्रेक्षकांतील दाद, पडदा पडल्यावरचे आभार हे सारे राहू द्यावे, कारण कलाकारांची आणि साथीदारांची नावे बहुतेक तिथेच उच्चारलेली असतात. निदान दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांत असाव्यात.

प्रत घरी ठेवणे आणि ती सर्वांसाठी इंटरनेटवर टाकणे यांत कायद्याचा फरक आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी आणि 1948 मध्ये निवर्तलेले खाडिलकर यांच्या संहिता म्हणून मुक्त झाल्या आहेत. 1999 मध्ये निधन पावलेल्या शिरवाडकरांच्या संहितेवर 2059 अखेरपर्यंत, तर कानेटकरांच्या संहितेवर 2060 अखेरपर्यंत हक्क राहील. संहिता मुक्त असली तरी कलाकारांचा आपल्या प्रयोगावरील हक्क आणि मुद्रण करणाऱ्याचा हक्क हे वेगळे असतात. तेव्हा गावच्या मंडळाचा प्रयोग प्रसृत करण्यापूर्वी त्यातील हयात कलाकारांची लेखी संमती घ्यावी. त्या भेटीतच कॅसेटवर न लिहिलेली तिथी, जत्रेचे ठिकाण आणि तबल्यावर कोण होते, हे विचारून त्याच कागदावर नोंदवता येईल.