तळटीप : एसएटी

१२. एसएटी : अमेरिकेत पदवी प्रवेशासाठी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतले विद्यार्थी देतात ती परीक्षा. ‘कॉलेज बोर्ड’ने ती २३ जून १९२६ रोजी पहिल्यांदा घेतली. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी तिची रचना पहिल्या महायुद्धातल्या लष्करी बुद्धिमापन चाचण्यांच्या धर्तीवर केली होती. इंग्रजी वाचन-लेखन आणि गणित या दोन विभागांना प्रत्येकी २०० ते ८०० गुण असतात. २००५ ते २०१६ या काळात निबंधलेखन धरून एकूण गुण २४०० होते. लेखिकेच्या मुलीचे १४५० गुण त्यानंतरचे, म्हणजे १६००पैकी आहेत आणि ते उत्तमच आहेत. आपल्या सीईटीसारखी या गुणांवर गुणवत्ता यादी लागत नाही. शाळेतले चार वर्षांचे गुण, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे हे सारे पाहून प्रत्येक विद्यापीठ आपापला निर्णय घेते. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर आता हे गुण प्रवेशासाठी विचारातच घेत नाही. एमआयटीने मात्र कोविडकाळातली सवलत संपवून २०२२ मध्ये ते पुन्हा सक्तीचे केले. तेव्हा मुलीचा प्रवेश केवळ या परीक्षेमुळे हुकला, असा अर्थ वाचकांनी काढू नये. – संपादक