ईसीजीचा आलेख काय सांगतो?

पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात नोकरीवर रुजू होताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत अनेकांची ईसीजीशी पहिली ओळख होते. छातीवर थंड जेल, हातापायांना चिमटे आणि काही मिनिटांत हाती येणारी चौकटींची गुलाबी पट्टी. ‘नॉर्मल’ हा शेरा वाचला, की ती पट्टी हरवते. वास्तविक ती जपून ठेवावी. पुढे छातीत दुखल्यास डॉक्टरांना तुलनेसाठी जुना आलेख फार उपयोगी पडतो.

हृदयाचे स्पंदन विजेने सुरू होते. उजव्या कर्णिकेतील सायनस नोडमध्ये उगम पावणारा संदेश दोन्ही कर्णिकांत पसरतो, एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळतो आणि मग जवनिकांकडे जातो. या विलंबामुळेच जवनिका रक्ताने भरून घेण्यास अवधी मिळतो. पेशींच्या आवरणातून सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे भारित कण आत-बाहेर करतात, त्यातून ही वीज निर्माण होते. शरीरातील क्षारयुक्त द्रव ती त्वचेपर्यंत पोचवतात. मात्र तेथे तिचा दाब जेमतेम एक मिलिव्होल्ट उरतो. यंत्र तो वाढवून कागदावर उतरवते. यंत्रातून शरीरात वीज सोडली जात नाही, हे भीती बाळगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आलेखातील ‘पी’ ही लाट कर्णिकांची, ‘क्यूआरएस’ जवनिकांची, तर ‘टी’ जवनिका पूर्ववत होण्याची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद. चार अवयवांवरील आणि छातीवरील सहा अशा दहा जोडण्यांतून हृदयाकडे बारा दिशांनी पाहिले जाते. त्यामुळे ‘एसटी’ हा भाग कोठे उचलला गेला आहे, यावरून कोणत्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली असावी, याचा अंदाज बांधता येतो. रुग्ण थरथरत असेल किंवा जवळच्या विद्युत उपकरणांचा ५० हर्ट्झचा उपद्रव असेल, तर रेषा बिघडते.

खरा धोका निराळाच आहे. रात्रपाळीत छातीत जळजळले, की ‘गॅसेस’ म्हणून गोळी घेतली जाते. छातीत दुखणारा रुग्ण आल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, असा वैद्यकीय संकेत आहे. शिवाय पहिला आलेख निर्दोष असला तरी हृदयविकाराचा झटका नाकारता येत नाही. म्हणूनच तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिनही तपासतात.

डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे तंत्र विकसित केले. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य होते. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णांचे संदेश प्रयोगशाळेत आणले. आज ते काम मोबाइलवरील छायाचित्राने होते. चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत रुग्णवाहिका अडकली, तरी आलेख हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत आधीच पोचू शकतो.