गोड चवीचे विष

औषधनिर्माणशास्त्र शिकवताना मी दरवर्षी ग्लिसरिनपासून सुरुवात करते. रंगहीन, दाट, गोड. डायएथिलीन ग्लायकॉलही अगदी तसेच दिसते, चवीलाही गोड, आणि स्वस्त. ते पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होतात.

1937 साली अमेरिकेत मॅसेन्जिल कंपनीने सल्फानिलामाइड याच रसायनात विरघळवून रास्पबेरीच्या स्वादाचे पातळ औषध विकले. शंभरावर माणसे गेली, त्यांत कितीतरी मुले होती. औषध विषारी आहे का, हे विक्रीआधी तपासण्याची सक्ती तेव्हा नव्हती. 1938 मध्ये ती कायद्याने आली.

आपल्याकडे औषध कायदा 1940 पासून आहे. तरी याच रसायनाने 1972 मध्ये मद्रासला मुले दगावली आणि 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी व्हावा म्हणून त्यांना ग्लिसरिन पाजले होते. ते भेसळीचे निघाले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनातली आणि रुग्णालयातली बेफिकिरी उघडी केली. तो अहवाल प्रत्येक औषध निरीक्षकाने वाचावा, असे मला मनापासून वाटते.

2022 मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर भारतात बनलेल्या सिरपांत हेच रसायन सापडल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. देशादेशांतला फरक इथे पडतो: कायदा सगळीकडे असतो, पण कच्च्या मालाचे पिंप उघडल्यावर चाचणी काही ठिकाणीच होते. माझ्या विद्यार्थ्यांनो, कारखान्यात गेलात की चाचणी झाल्याशिवाय एकाही पिंपाच्या कागदावर सही करू नका.